प्रस्तावना : हद्दीवरून दिसणारे संघराज्य

राज्यघटनेवरचे पुस्तक बहुधा दिल्लीत सुरू होते. संविधान सभा, संसद, राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्या उतरत ते राज्यांपर्यंत येते आणि ग्रामपंचायतीपाशी पोचेस्तोवर लेखकाचा आणि वाचकाचाही दम संपलेला असतो. हे पुस्तक खानापुरात सुरू होते. राजधानीत राहणाऱ्याला सरकार म्हणजे एकच गोष्ट वाटू शकते. हद्दीवर राहणाऱ्याला ती चैन परवडत नाही. कोणत्या कामाला कोणाच्या दारात जायचे आणि कोणाच्या दारात जाऊन उपयोग नाही, हे त्याला वागता-बोलता शिकावे लागते.

बेळगाव जिल्ह्यातला हा तालुका पश्चिमेला गोव्याला आणि वायव्येला महाराष्ट्राला भिडतो. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाते, कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात पोचते. याच तालुक्यातल्या भीमगडच्या रानात उगवणारी म्हादई पश्चिमेकडे वळते, गोव्यात शिरते आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते. पाण्याचा जसा इथे पाणलोट आहे, तसाच अधिकारांचाही आहे. लोंढ्याचे जंक्शन केंद्राचे, खानापूरचे पोलीस ठाणे राज्याचे. जमिनीचा उतारा राज्याच्या महसूल खात्याचा, टपाल कचेरी केंद्राची. शाळा आणि जंगल या दोन्हींवर कायदा करण्याचा अधिकार दोघांनाही. उसाचा किमान दर केंद्र ठरवते, पण कारखाना कोणत्या गावांतला ऊस उचलणार हे राज्य ठरवते. मतदाराचे तर विचारूच नका. त्याचा जिल्हाधिकारी बेळगावला बसतो, पण त्याचा खासदार बेळगावचा नसतो. खानापूर विधानसभा मतदारसंघ लोकसभेसाठी उत्तर कन्नडला जोडलेला आहे. कारवार, कुमटा, भटकळ, शिरसीच्या मतदारांबरोबर खानापूरकर आपला खासदार निवडतात.

ही सारी गुंतागुंत कोणाच्या गबाळेपणातून झालेली नाही. ती घडवली आहे आणि तिला संघराज्य म्हणतात. एकाच माणसावर एकाच वेळी दोन सरकारे राज्य करतात. त्यांपैकी कोणीही दुसऱ्याचे नोकर नसते, दोघांनाही अधिकार घटनेतूनच मिळतात. जिल्हाधिकारी हा राज्य सरकारचा हस्तक आहे, पण राज्य सरकार हे केंद्राचे हस्तक नाही. मुंबई महानगरपालिकेची सत्ता राज्याच्या कायद्याने निर्माण झाली, कर्नाटक विधानसभेची सत्ता मात्र संसदेच्या कायद्याने निर्माण झालेली नाही. हा फरक नीट कळला की निम्मे संघराज्य कळले.

उरलेले निम्मे सातव्या अनुसूचीत आहे. मूळ घटनेत केंद्र सूचीत ९७, राज्य सूचीत ६६ आणि समवर्ती सूचीत ४७ विषय होते. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, रेल्वे, चलन केंद्राकडे. पोलीस, जमीन, शेती, सार्वजनिक आरोग्य, स्थानिक स्वराज्य राज्यांकडे. समवर्ती विषयांवर दोघेही कायदे करू शकतात, पण कायद्यांची टक्कर झाली तर साधारणपणे केंद्राचा कायदा वरचढ ठरतो. तिन्ही सूचींत नसलेला विषय केंद्राचा. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वन्यजीवांचे रक्षण, वजने-मापे आणि कनिष्ठ न्यायव्यवस्था हे विषय राज्यांच्या हातून समवर्ती सूचीत नेले. भीमगडच्या जंगलातून पाइपलाइन न्यायची म्हटली की बंगळूरच्या मंत्रिमंडळाचा निर्णय पुरत नाही, दिल्लीची परवानगी लागते, त्याचे मूळ या बदलात आणि त्यानंतर आलेल्या १९८०च्या वनसंवर्धन कायद्यात आहे.

पैशाची वाटणी अधिकारांच्या वाटणीला समांतर चालत नाही. जास्त उत्पन्न देणारे कर केंद्राकडे आणि जास्त खर्चाची कामे राज्यांकडे अशी मूळ मांडणी असल्याने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमावा लागतो. पंधराव्या वित्त आयोगाने केंद्राच्या वाटपयोग्य करांपैकी ४१ टक्के राज्यांना द्यायची शिफारस केली. त्या रकमेतला कर्नाटकचा वाटा चौदाव्या आयोगातल्या ४.७१३ टक्क्यांवरून ३.६४७ टक्क्यांवर उतरला. बंगळूरमधून दिल्लीविरुद्ध जी ओरड ऐकू येते तिच्यामागे हा आकडा आहे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांनी विक्रीकराची आपली मुभा एका परिषदेच्या स्वाधीन केली. त्या परिषदेत केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, सगळ्या राज्यांचे मिळून दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात. म्हणजे केंद्राच्या संमतीवाचून तिथे काही होत नाही, आणि केंद्रालाही एकट्याच्या बळावर काही करता येत नाही.

इथवर भारतीय संघराज्य जगातल्या इतर संघराज्यांसारखेच दिसते. वेगळेपण सुरू होते ते राज्याच्या हद्दीपाशी.

घटनेचे पहिलेच कलम भारताला राज्यांचा संघ म्हणते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा खुलासा केला होता : हा संघ राज्यांनी आपापसात करार करून उभारलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. या भूमिकेची दुसरी बाजू तिसऱ्या कलमात आहे. नवे राज्य करणे, राज्याची हद्द वाढवणे, घटवणे, नाव बदलणे हे सारे संसद साध्या बहुमताने करू शकते. राष्ट्रपतींच्या शिफारशीने विधेयक येते, ज्या राज्याला झळ पोचणार त्याच्या विधिमंडळाकडे मत मागायला जाते, आणि ठरलेल्या मुदतीत मत आले वा न आले तरी पुढे सरकते. त्या मताचे बंधन संसदेवर नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने बाबूलाल पराते खटल्यात स्पष्ट केले. तो खटलाही मुंबई राज्याच्या पुनर्रचनेतून उद्भवला होता. २०१४च्या जानेवारीत आंध्र प्रदेशच्या विधानसभेने राज्याच्या विभाजनाचे विधेयक फेटाळले, तरी संसदेने ते मंजूर केले आणि तेलंगण झाले. अमेरिकेत असे होणे नाही. तिथे एका राज्याचा तुकडा काढून दुसरे राज्य करायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागतेच.

आपल्याकडे राज्य टिकाऊ नाही, संघ टिकाऊ आहे, असे यावरून म्हणतात. ते खरेच आहे. पण हद्दीवरच्या माणसाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट निराळी. हद्द बदलताना घटना राज्याला विचारते, जरी त्याचे ऐकत नसली तरी. जो तालुका इकडून तिकडे जायचा, त्याला मात्र ती विचारतही नाही.

खानापूरचा गेल्या शतकाचा इतिहास म्हणजे या एका वाक्याचा विस्तार आहे. १९२०च्या नागपूर अधिवेशनानंतर काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषावार केल्या आणि बेळगाव कर्नाटक प्रांतात गेले. १९२४ साली महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन बेळगावात भरले, त्याच वेळी कर्नाटक एकीकरणाची परिषदही तिथेच झाली. १९४६ साली याच बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन झाले आणि त्यातून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला आकार आला. दोन्ही भाषकांच्या एकीकरणाच्या चळवळी एकाच गावात वाढल्या. पुढे १९५३च्या डिसेंबरात फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि के. एम. पणिक्कर यांचा राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याच्या अहवालावरून झालेल्या कायद्याने १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा अपवाद करून मुंबईकडे ठेवला गेला. चंदगड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे, खानापूर कर्नाटकात. तेव्हापासून १ नोव्हेंबरला बेळगावात एका रस्त्याने राज्योत्सवाची मिरवणूक जाते आणि दुसऱ्या रस्त्याने मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची फेरी.

सीमेवरच्या मराठीबहुल गावांची मागणी मांडताना महाराष्ट्राने आंध्र आणि मद्रास यांच्यातल्या वादाचा दाखला दिला. तिथे ह. वि. पाटसकर यांनी गाव हा घटक, सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही कसोटी लावून तोडगा काढला होता आणि संसदेने १९५९ साली त्यावर कायदाही केला. इथे तसे झाले नाही. १९६० साली दोन्ही राज्यांच्या प्रतिनिधींची चार जणांची समिती नेमली गेली, तिच्यात एकमत झाले नाही. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्ये माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग आला आणि ऑगस्ट १९६७ मध्ये त्याने अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट आणि जत भागातली २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, बेळगाव शहर मात्र कर्नाटकातच राहावे, अशी ती शिफारस होती. बेळगाव मिळत नाही म्हणून महाराष्ट्राने ती नाकारली. कर्नाटकाने ती मान्य असल्याचे सांगितले आणि लागू करायची तर पूर्ण करा, नाहीतर आहे ते राहू द्या, अशी भूमिका घेतली. खानापूरचा पेच इथे आहे. ज्या आयोगाने खानापूर महाराष्ट्राला देऊ केले, त्याचा अहवाल महाराष्ट्राला नको आणि ज्या राज्याला खानापूर सोडावे लागले असते, ते त्या अहवालाचे नाव घेते. दोन्ही राज्यांची भूमिका त्यांच्या परीने सुसंगत आहे. त्या भूमिका ठरवताना मधल्या तालुक्याचे मत कोणाला घ्यावे लागले नाही.

मत घेण्याची पद्धत देशात नव्हतीच, असेही नाही. त्याच १९६७ साली, १६ जानेवारीला, खानापूरच्या शेजारच्या गोव्यात लोकांना विचारले गेले : महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? संसदेने त्यासाठी आदल्या वर्षी खास कायदा केला होता. सुमारे ५४ टक्के मतदारांनी विलीनीकरण नाकारले आणि ३० मे १९८७ रोजी गोवा स्वतंत्र राज्य झाले. चोर्ला घाटाच्या खाली कौल घेतला गेला, वर आयोग नेमला गेला. स्वित्झर्लंडने तर हे काम पायरीपायरीने केले. बर्न परगण्यातल्या फ्रेंचभाषक भागाने १९७४ पासून लागोपाठ मतदाने घेतली, १९७९ साली जुरा हा नवा परगणा झाला, लाउफेनचे खोरे १९९४ मध्ये बाझेल-लांडशाफ्टला गेले आणि मुतिये या एका गावाने २०२१ साली मतदान करून जुराकडे जाण्याचा निर्णय घेतला. गाव हा घटक मानून हद्द आखता येते आणि त्याने देश मोडत नाही, इतके यावरून नक्की सिद्ध होते.

मग संसदेने अधिकार असूनही तो वापरला का नाही? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात सापडत नाही, राजकीय व्यवस्थेत सापडते. लोकसभेत महाराष्ट्राच्या ४८ जागा आहेत आणि कर्नाटकाच्या २८. दिल्लीत राज्य करू पाहणाऱ्या कोणत्याही पक्षाला दोन्ही राज्यांत मते हवी असतात. एका राज्याचा तालुका काढून दुसऱ्याला देणारे विधेयक मांडणे म्हणजे निम्म्या हिशेबावर पाणी सोडणे. १९५६ साली दिल्ली, मुंबई, म्हैसूर सगळीकडे काँग्रेस होती, तरी प्रश्न सुटला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीत आणि बंगळूरमध्ये भारतीय जनता पक्ष होता, मुंबईतल्या सरकारातही तो होता, तरी हिरेबागेवाडीजवळ महाराष्ट्राच्या मालट्रकांवर दगड पडले आणि दोन्ही राज्यांच्या बसगाड्या थांबल्या. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई या मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले आणि न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत कोणी कोणावर हक्क सांगू नये असे ठरले. आठवड्याभराने, २२ तारखेला, कर्नाटकाच्या विधानसभेने एक इंचही जमीन न देण्याचा ठराव केला आणि २७ तारखेला महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी कायदेशीर लढ्याचा. एकच राष्ट्रीय पक्ष हद्दीच्या दोन बाजूंना दोन भाषांत दोन विरुद्ध ठराव करतो, यात दांभिकता आहेच. पण संघराज्यातल्या पक्षपद्धतीचा तो स्वभावही आहे. आमदार आपल्या राज्याच्या मतदाराला उत्तर देतो, पक्षाच्या जाहीरनाम्याला नव्हे. आणि ठरावांचे म्हणाल, तर कायद्याच्या दृष्टीने ती मते आहेत. तिसऱ्या कलमाखाली त्यांनी एक दगडही हलत नाही.

ज्या दाव्याचा निकाल न्यायालयात लागायचा आहे, तो महाराष्ट्राने २००४ साली घटनेच्या १३१व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केला. केंद्र आणि राज्ये किंवा राज्याराज्यांमधला वाद थेट याच न्यायालयात सुरू होतो. राज्य पुनर्रचना कायद्यातल्या तरतुदी समतेच्या तत्त्वाला धरून नाहीत, असा महाराष्ट्राचा मुद्दा. हद्दीचा विषय तिसऱ्या कलमाने संसदेकडे सोपवला आहे, न्यायालयाला त्यात अधिकारच नाही, असा कर्नाटकाचा. २०१४ साली साक्षीपुरावा नोंदवण्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली. दाव्याचे भवितव्य काहीही असो, त्याच्या रचनेकडे वाचकाने लक्ष द्यावे. १३१व्या कलमाखालच्या दाव्यात पक्षकार सरकारेच असतात. खानापूरचा रहिवासी त्यात वादीही नाही आणि प्रतिवादीही नाही. ज्याच्या नावाने भांडण चालले आहे, तो प्रेक्षकांच्या बाकावर आहे.

भाषेचा प्रश्न बाजूला ठेवून पाण्याकडे गेलो तरी चित्र तेच दिसते. पाणी राज्य सूचीत आहे, पण आंतरराज्य नद्यांच्या नियमनाबाबत संसदेला वरचा अधिकार आहे, आणि २६२व्या कलमाने अशा वादांतून न्यायालयांना दूर ठेवायची मुभा संसदेला दिली. १९५६च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्याने ती वापरली. म्हणून म्हादईसाठी २०१० साली लवाद नेमला गेला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी त्याने निवाडा दिला : गोव्याला २४ अब्ज घनफूट, कर्नाटकाला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. कर्नाटकाच्या वाट्यातले ८.०२ वीजनिर्मितीसाठी आणि ३.९ मलप्रभेकडे वळवण्यासाठी, त्यात कळसा नाल्यातून १.७२ आणि बंडुरा नाल्यातून २.१८. फेब्रुवारी २०२० मध्ये निवाडा राजपत्रात आला. न्यायालयांना बंदी असली तरी कावेरी प्रकरणात डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाच्या निवाड्याविरुद्धचे अपील ऐकण्याचा आपला अधिकार राखला होता. त्याच वाटेने म्हादईचा वादही न्यायालयात गेला. शिवाय कळशाचे पाणी वळवायचे तर वनखात्याची आणि वन्यजीव मंडळाची परवानगी लागते, म्हणजे पुन्हा समवर्ती सूची. हे पाणी हुबळी-धारवाडची तहान भागवण्यासाठी मागितले जाते, गोवा ते आपल्या अभयारण्यांसाठी आणि नदीसाठी राखू पाहतो. नाले, जंगल आणि खोदकाम मात्र खानापूर तालुक्यात आहे. लवादापुढे तीन राज्ये उभी राहिली, उगमाकडची गावे उभी राहू शकली नाहीत.

या पुस्तकाला जे एक सांगायचे आहे, ते इथे एका वाक्यात सांगता येते. राज्यांचा संघ राज्यांशी बोलतो. राज्यातल्या अल्पसंख्य तालुक्याशी बोलायची सोय संघराज्यात नाही, ती घटनेत दुसरीकडे आहे. जो समाज कुठेतरी एका राज्यात बहुसंख्य आहे, त्याला संघराज्य सत्ता देते. जो आपल्या राज्यात अल्पसंख्य आहे, त्याचे रक्षण करायला मूलभूत हक्क, भाषिक अल्पसंख्याकांच्या तरतुदी आणि स्थानिक स्वराज्य या तीन गोष्टी आहेत. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना आंबेडकरांनी हाच धोका ओळखला होता. एका राज्याची भाषा एक असावी हे त्यांना मान्य होते, पण एक भाषा बोलणाऱ्या सगळ्यांचे मिळून एकच अवाढव्य राज्य असावे हे नव्हते. बहुसंख्य जातीच्या हाती सगळी सत्ता जाईल आणि लहान समाज तिच्या मर्जीवर राहतील, ही त्यांची भीती होती.

या तीन सोयींची अवस्था काय आहे ते पाहा. २९व्या आणि ३०व्या कलमांनी भाषा जपण्याचा आणि शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला, तो न्यायालयात मागता येतो. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ कलम घालून प्राथमिक शिक्षण मातृभाषेत देण्याची सोय करावी असे राज्यांना सांगितले आणि ३५०-ब ने भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक आयुक्त नेमला. त्याच वर्षी ठरलेल्या धोरणानुसार ज्या तालुक्यात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्क्यांहून जास्त, तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना, नियम त्या भाषेत प्रसिद्ध व्हायला हवेत. खानापुरात मराठी भाषक या अटीच्या कितीतरी पुढे आहेत. पण आयुक्ताला पाहणी करून राष्ट्रपतींना अहवाल देता येतो, कोणत्याही तहसीलदाराला हुकूम देता येत नाही. मराठीत परिपत्रके मिळावीत म्हणून सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या अर्ज, निवेदने आणि मोर्चे निघतात, त्याचे कारण हक्क नाही हे नसून हक्काला यंत्रणा नाही हे आहे.

स्थानिक स्वराज्याचीही तीच गत. ७३व्या आणि ७४व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत जागा दिली, पाच वर्षांची मुदत दिली. पण कोणते अधिकार द्यायचे ते राज्यांवर सोडले. २००५ साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याच्या बाजूने ठराव केला तेव्हा कर्नाटक सरकारने महापालिकाच बरखास्त केली. कर्नाटकातल्या तालुका आणि जिल्हा पंचायतींच्या निवडणुका २०१६ साली झाल्या, मुदत २०२१ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक वर्षानुवर्षे लांबली. महाराष्ट्रानेही आपल्या जिल्हा परिषदा अशाच प्रशासकांच्या हाती दीर्घकाळ ठेवल्या. केंद्र राज्यांचे अधिकार ओढते म्हणून तक्रार करणारी राज्ये पंचायतींशी तसेच वागतात.

आरशातले चित्र पाहिल्याशिवाय ही चर्चा पुरी होत नाही. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरातल्या कन्नड भाषकांना महाराष्ट्रात ज्या अडचणी येतात, त्या खानापूरकराला समजावून सांगाव्या लागू नयेत. जत भागातल्या काही ग्रामपंचायतींनी पाण्यासाठी कर्नाटकात जाण्याचा ठराव केला होता आणि २०२२च्या नोव्हेंबरात बोम्मई यांनी त्याचा हवाला दिला, तेव्हा महाराष्ट्रात संताप झाला. संतापण्याआधी विचारायला हवे होते की पाण्यासाठी गावाला राज्य बदलावेसे का वाटते. २०२३ साली महाराष्ट्राने आपली आरोग्य विमा योजना ८६५ गावांना लागू केली, तेव्हा कर्नाटकाने घुसखोरी म्हणून हरकत घेतली. कोणत्याही सार्वजनिक हेतूसाठी अनुदान देण्याची मुभा २८२वे कलम राज्याला देते आणि त्या हेतूला सूचीचे बंधन घालत नाही, हे त्या वादात फारसे कोणी सांगितले नाही. उद्या कर्नाटकाने जतच्या कन्नड शाळांना मदत देऊ केली तर हेच कलम तिथेही लागू होईल.

राज्यांनी बसून बोलण्याच्या जागाही घटनेने आणि कायद्याने ठेवल्या आहेत. १९५६च्याच कायद्यातून विभागीय परिषदा आल्या आणि सीमावाद व भाषिक अल्पसंख्याक हे विषय त्यांच्या कामात नावानिशी लिहिलेले आहेत. पण महाराष्ट्र पश्चिम विभागीय परिषदेत आहे आणि कर्नाटक दक्षिण विभागीय परिषदेत. ज्या दोन राज्यांमध्ये हा वाद आहे, ती नेहमीच्या बैठकीत एका टेबलाशी येतच नाहीत.

आणि मतदार? महाराष्ट्र एकीकरण समिती ही भारतीय राजकारणातली दुर्मीळ गोष्ट. राज्याच्या विधानसभेत निवडून जायचे आणि त्या राज्यातून बाहेर पडण्याची मागणी करायची. २०१३ साली खानापूर आणि बेळगाव दक्षिण इथे तिचे आमदार निवडून आले. २०१८ मध्ये खानापुरात काँग्रेसच्या अंजली निंबाळकर आल्या, २०२३ मध्ये भाजपचे विठ्ठल हलगेकर. समितीतली फाटाफूट हे एक कारण. दुसरे असे की २२४ जणांच्या सभागृहात एक-दोन आमदारांनी हद्द बदलत नाही, पण सत्तेतल्या आमदाराने रस्ता आणि दवाखाना होऊ शकतो. मतदाराने मराठी सोडलेली नाही. कोणत्या मताने काय मिळते याचा हिशेब त्याने संघराज्याच्या अभ्यासकांआधी मांडला आहे.

पुढची प्रकरणे हाच हिशेब विषयवार मांडतात : आधी सूची आणि कायदे, मग पैसा, राज्यपाल आणि ३५६वे कलम, जिथे कर्नाटकाचेच एक मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांच्या खटल्यात १९९४ साली नऊ न्यायाधीशांनी संघराज्य हा घटनेच्या मूलभूत चौकटीचा भाग ठरवला. त्यानंतर नद्या, भाषा, पक्ष आणि शेवटी पंचायत. वाचकाकडून अपेक्षा एवढीच की वर्तमानपत्रातली पुढची सीमावादाची बातमी वाचताना कोण बरोबर याच्या आधी त्याने हा अधिकार कोणाचा हे विचारावे. हद्द हा संसदेचा अधिकार आहे. ती कधी हलेल, हलेल की नाही, ते दिल्लीतल्या जागांच्या गणितावर अवलंबून आहे. पण मुलाची पहिली इयत्ता मराठीत, कचेरीतले परिपत्रक मराठीत, वेळेवर निवडून आलेली तालुका पंचायत आणि तिच्या हातात तालुक्याचे पाणी, ही मागणी आजच्या हद्दीत, आजच्या घटनेखाली, बंगळूरकडे करता येते. जतच्या कन्नड शेतकऱ्याला तीच मागणी मुंबईकडे करता येते. दोघांनी ती एकाच मसुद्यात लिहिली, तर दोन्ही राजधान्यांना नाही म्हणणे अवघड जाईल.